तीनदा 'नाही' म्हणण्याची निवडणूक

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षपदाला कुणी उभं राहत नसे. उभं केलं जाई, तेही दोन्ही दंडांना धरून. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावात आणि आसपास आम्ही जेमतेम चाळीस मराठी कुटुंबं होतो. दर संक्रांतीला चर्चच्या तळघरात तिळगूळ आणि घरोघरून डबे आणून पॉटलक जेवण झालं, की वार्षिक सभा भरायची. सहा वर्षं अध्यक्ष असलेले डॉक्टरकाका उठायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "आता तरुणांनी पुढे यावं. मला मोकळं करा." लगेच चहूबाजूंनी, "छे छे काका, तुम्हीच!" काका दुसऱ्यांदा नाही म्हणत. पुन्हा गलका. तिसऱ्यांदा नाही म्हणताना त्यांचा आवाज किंचित ओलसर होई, आणि मग, "बरं, तुमचा आग्रहच असेल तर..." टाळ्या, श्रीखंड, सभा संपली.

त्या वर्षी काका म्हणाले, "आता तरुणांनी पुढे यावं," आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "मी येतो."

श्रीखंड वाढायला उचललेले चमचे हवेत थांबले. काकांचे हात जोडलेले होते ते तसेच राहिले.

बोलणारा गृहस्थ मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट होता. आम्ही सगळे त्याला साहेब म्हणायचो. त्याच्या हाताखाली शेकडो माणसं होती, पण निवडणूक त्याने शाळेत वर्गप्रमुखाचीसुद्धा लढवली नव्हती. पंधरा वर्षं अमेरिकन ऑफिसात काढल्यामुळे काकांचं वाक्य त्याने शब्दशः घेतलं. जागा रिकामी झाली, त्याने अर्ज केला. इतकं साधं!

"घटनेत काय लिहिलंय बघावं लागेल," कुणीतरी पुटपुटलं. मंडळाची घटना काकांच्या घरी एका फाइलमध्ये होती. ती सहा वर्षांत कुणी उघडली नव्हती. शेवटी दोन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी मतदान घ्यायचं ठरलं. मतदान! आमच्या मंडळात! मला तर गुदगुल्याच व्हायला लागल्या.

बाहेर बर्फात साहेब गाडीची काच खरवडत होते. मी गाठलं.

"साहेब, निवडून आलात तर करणार काय?"

"गणपतीच्या प्रोग्रामला हायस्कूलचं ऑडिटोरियम घेणार. हे तळघर कॅन्सल."

ऑडिटोरियम! पडदा, विंगा, दिवे! पुण्यात मी कॉलेजच्या एकांकिका गाजवल्या होत्या. अमेरिकेत आल्यापासून सात वर्षं मात्र पियानो आणि बॉयलर यांच्या मधल्या चार फुटांत उभा राहून एकच स्वगत म्हणत होतो. बॉयलर नेमका माझ्या रडण्याच्या जागी गुरगुरायचा. मला तीन अंकी नाटक करायचं होतं, आणि काकांना तळघर म्हणजे घर वाटायचं.

"साहेब," मी म्हणालो, "आजपासून मी तुमचा माणूस."

साहेबांनी प्रचार सुरू केला तो गाडीत ओव्हरहेड प्रोजेक्टर घालून. घराघरात जायचं, भिंतीवरचा गणपती उतरवायला लावायचा, तिथे मंडळाची पाच वर्षांची योजना झळकवायची आणि शेवटी सरळ विचारायचं, "मग तुमचं मत मला ना?" आठवड्याने त्यांनी माझ्यासमोर यादी ठेवली. एकतीस घरांपुढे बरोबरची खूण.

"हे काय म्हणाले?" मी पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"बघू की, म्हणाले."

"आणि हे?"

"अहो, का नाही!"

मी डोक्याला हात लावला. "साहेब, 'बघू की' म्हणजे नाही."

"आणि 'का नाही'?"

"तेही नाहीच."

"अरे यार, मग तुम्ही लोक हो कसं म्हणता?"

"म्हणत नाही. दुसऱ्यांदा वाढतो. कुणी आग्रह करकरून वाढलं का?"

साहेब विचारात पडले. "मी खाल्लंच नाही कुठे. डाएटवर आहे. सगळीकडे ब्लॅक कॉफी घेतली."

एकतीस घरी जाऊन हा माणूस न खाता परत आला होता! खरी मतं मोजली तर पाच निघाली, आणि त्यांत माझ्या बायकोचं धरता येत नव्हतं. "सरळ तोंडाने पद मागितलं हो त्यांनी," ती म्हणाली. "शोभतं का? डॉक्टरकाकांना काय वाटलं असेल!"

तिच्या या वाक्यानेच मला वाट दाखवली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या बैठकीच्या खोलीत तालमी सुरू झाल्या. मी काका, साहेब म्हणजे साहेब.

"पहिलं 'नाही' हसत. दुसरं खाली बघत. तिसरं हात छातीवर ठेवून."

साहेब पॅडवर लिहून घेत होते. "पण मला अध्यक्ष व्हायचंय!"

"ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच नाही म्हणायचं."

"आणि दोनदा विचारून ते थांबले तर?"

व्हाइस प्रेसिडेंट उगाच होत नाहीत.

"तर मेलो," मी म्हणालो.

मतदानाच्या दिवशी तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. दर वर्षी सर्दी होणारेसुद्धा आले होते. बुटांचं खोकं मतपेटी म्हणून टेबलावर ठेवलं होतं. चिठ्ठ्या वाटणार, एवढ्यात साहेब उठले.

"मी फार विचार केला. काकांचं काम फार मोठं आहे. मी नाव मागे घेतो. अध्यक्ष काकाच राहू देत."

सगळं तळघर विरघळलं. माझ्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. आणि सहा वर्षं ऐकून झालेल्या सवयीने काका ताडकन उठले, "छे छे, तुम्हीच!"

साहेब हसले. "नाही काका, माझी कुठे तेवढी लायकी!"

"असं कसं? तुम्हीच."

साहेबांनी मान खाली घातली. "नको काका. तुमच्यापुढे मी कोण?"

काकांनी तोंड उघडलं. आणि मिटलं. आपण कुठे येऊन पोचलो ते त्यांच्या लक्षात आलं होतं. आता ते फक्त "बरं, तुमचा आग्रहच असेल तर" म्हणाले, की माझे तिन्ही अंक बॉयलरमागे गेले! साहेबांचा हात छातीच्या अर्ध्या वाटेवर लटकत होता.

"अहो, म्हणा की तिसऱ्यांदा!" भाताच्या पातेल्यामागून डॉक्टरकाकू कडाडल्या. वाढायचा डाव त्यांच्या हातातच होता. "सहा वर्षं या तळघराच्या किल्ल्या मी सांभाळतेय. सुटू दे मला एकदाची!"

हशा असा फुटला, की छतावरची धूळ पडली. काका आधी लाल झाले, मग सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. "साहेब, तुम्हीच. आता हुकूमच आहे."

साहेबांनी हात छातीवर ठेवला. "नाही," म्हणाले, आणि पुढचं विसरले. मागून मी कुजबुजलो, "आग्रहच असेल तर..."

"आग्रहच असेल तर!" साहेब गरजले. टाळ्यांनी बॉयलर ऐकू येईनासा झाला.

शब्दाला माणूस पक्का. ऑडिटोरियम घेतलं. मी नायकाचे संवाद पाठ करायला लागलो, तोच टपालाने साहेबांचा मेमो आला: भूमिका चाचणीने ठरतील, परीक्षक डेट्रॉइटहून येतील, इथे कुणालाही न ओळखणारे. प्रत्येकाला गुण मिळाले. पहिले कोण आले? डॉक्टरकाका. मी चौथा. मला तिसऱ्या अंकातला हवालदार मिळाला, तीन वाक्यांचा.

"मिळालं ना नाटक?" बायको म्हणाली. "घ्या आता."

घेतलं. गणपतीच्या प्रोग्रामच्या दिवशी चारशे खुर्च्यांच्या ऑडिटोरियममध्ये पोरंबाळं आणि पाहुणे धरून निम्म्या भरल्या होत्या. मी खाकी हाफपँटमध्ये विंगेतून पाऊल टाकलं आणि दिव्यांचा झोत तोंडावर आला. अहाहा! वाक्यं तीनच होती. मी सात मिनिटं घेतली. आधी टोपी झटकली, मग मिशी पिळली, मग खिशात वही शोधली, ती सापडेना. लोक हसून हसून लोळत होते, काका नायकाच्या खुर्चीत अडकून पडले होते, आणि पहिल्या रांगेतून आमचे नवे अध्यक्ष मला मनगटावरचं घड्याळ दाखवत होते.