खुब्यातली सुई

मायच्या खुब्याचा सांधा झिजला होता. काळीज कमजोर, म्हणून ऑपरेशनला कुणी डॉक्टर तयार होईना. राहिलं ते सांध्यातलं इंजेक्शन. बुडत्याला काडीचा आधार. मी परभणीत शिक्षिका. सोनपेठच्या एसटीनं तिला घेऊन आले.

डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत लांब सुई थेट सांध्यात नेली. मायचेही डोळे पडद्यावरच. गावात सगळे तिचं दुखणं ‘वय झालं’ म्हणून उडवून लावत. तिनं विचारलं, "दिसलं का तुमाला, कुठं दुखतंय ते?" डॉक्टर हो म्हणाले, आणि तेवढ्यानंच तिला अर्धं बरं वाटलं.

आठवडाभरात दुखणं थांबलं. जपून राहा, फार चालू नका, असं बजावलेलं असताना ही बाई शेळ्या घेऊन गोदाकाठाला. मी फोनवर बरंच तोंड सोडलं. ती शांतपणे म्हणाली, "दुखणं थांबल्यावर बसून कशाला ऱ्हाऊ?"

पण दुखणं परत उठलं, आणि दुसऱ्या सुईनं थोडेच दिवस आराम पडला. तिसरीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, हाडावर हाड घासतंय, आता सुईचा उपयोग नाही. माणूस चांगला होता, समजावून सांगत होता, तरी मला त्याचा रागच आला. परतीच्या एसटीनं मी मायला गावी पोचवलं.

शेळ्या विकायच्या ठरल्या. व्यापारी टेम्पो घेऊन दारात आला, पण शेळ्या त्याच्या हाती लागेनात. त्याच्या नाकी नऊ आले. शेवटी मला म्हणाला, मावशीलाच हाक मारायला सांगा की. त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. पण मायनं ऐकलं होतं. भावानं आणि मी तिला दोन्हीकडून धरून टेम्पोपाशी नेलं. तिनं रोजची हाक दिली. सगळ्या धावत आल्या, तिला बिलगल्या. एक तर पदर चघळायला लागली. व्यापाऱ्यानं तिच्याजवळून एकेक उचलून आत टाकली. माय शेवटची चढेपर्यंत हाक देत राहिली. इतकं हताश मला कधीच वाटलं नव्हतं.

पुढं मी म्हटलं, नांदेडला आणखी एक डॉक्टर आहेत, दाखवून बघू.

माय रिकाम्या खुंट्यांकडं बघत होती.

"नको बाई," ती म्हणाली. "आता चालून जायचं कुठं हाय?"