स्पेनकाकू आणि पाण्याचा जिना

ऑक्टोबर आला की आमच्या श्रूजबरीतल्या मंडळींचा जीव नागपूरकडे धावायचा. दीक्षाभूमीवर लोक लोटलेले असणार आणि आपण इथे मॅसॅच्युसेट्समध्ये अंगणातली पानं गोळा करत बसलोय, म्हणून सगळे हळहळायचे. काकू मात्र नेमक्या त्याच दिवसांत एक छोटी बॅग भरून स्पेनला निघायच्या. दरवर्षी, न चुकता. साठलेली रजा सगळे भारतासाठी राखून ठेवत, काकू स्पेनसाठी. "दीक्षाभूमी सोडून ही बाई सुलतानांचे महाल बघत फिरते," असं लोक बोलायचे. त्यांचं नावच पडलं होतं स्पेनकाकू. ते त्यांना ठाऊक होतं. एकदा जयंतीच्या कार्यक्रमात कोणाच्या तरी तोंडून चुकून निघून गेलं, तर हसून म्हणाल्या, "ठेवा नाव. देश तरी बरा निवडला तुम्ही माझ्यासाठी."

मी पंच्याण्णव साली पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामावर आले, तेव्हा त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. इथल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात जयंती होती, तिथे ओळख झाली आणि पुढच्या शनिवारी मी सामान घेऊन दारात उभी. काकू साठीच्या उंबरठ्यावर होत्या. वूस्टरच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये तीस वर्षं नर्स. काका जाऊन पाच वर्षं झाली होती. मुलगा कॅलिफोर्नियात. तो रविवारी फोन करायचा आणि काकूंच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं द्यायचा.

घरात कोणीही आलं की काकू आधी पाण्याचा ग्लास पुढे करत. यात नवल नाही, आपल्याकडे सगळेच करतात. पण काकू ग्लास देऊन आत जात नसत. समोरचा माणूस शेवटचा घोट घेईपर्यंत तिथेच उभ्या राहत आणि त्याच्या गळ्याकडे बघत. पोस्टमनच्याही. निम्मा ग्लास ठेवला तर म्हणत, "पुरं पी." आवाज असा की माणूस निमूट पीत असे.

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र होती. स्वयंपाकघरातला नळ त्या कधीच पूर्ण बंद करत नसत. सुतासारखी बारीक धार सतत सिंकमध्ये पडत असायची. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "काकू, नळ गळतोय. प्लंबरला फोन करू का?"

"गळत नाही. मीच ठेवला आहे."

"का पण?"

"बंद केला की ऐकू येते."

"काय ऐकू येतं?"

त्या कोथिंबीर निवडत होत्या. मग म्हणाल्या, "तुला उद्या लवकर जायचं आहे ना? भाकरी करून ठेवू का?" मी पुन्हा विचारलं नाही. पण त्यानंतर घरात एकटी असले की मीही त्या धारेकडे कान देऊन बसे. ती थांबली तर काय ऐकू येईल?

काका इथल्याच एका गावाच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होते. काकू त्यांच्याविषयी बोलत तेव्हा वर्तमानकाळात बोलत. "आमचे इंजिनिअर म्हणतात, पाणी आणायला अक्कल लागत नाही, वाटायला लागते." काकांचं गाव वर्धेकडचं. त्यांच्या लहानपणी त्यांच्या आईला विहिरीवर घागर घेऊन तिष्ठावं लागे. कोणाला दया आली तर तो वरून ओतणार, नाही तर उन्हात उभं राहायचं. "तिथून हे निघाले," काकू सांगत, "आणि इथे गोऱ्यांच्या गावाला पाणी पाजून राहिले." त्या हसायच्या. पण हसणं संपल्यावर त्यांचे डोळे कुठे तरी लागलेले असायचे.

स्पेनची गोष्ट त्यांनी मला सांगितली ती सत्त्याण्णवच्या सप्टेंबरात, एका रविवारी दुपारी. मेथी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता.

मूर सुलतानांनी दक्षिण स्पेनमध्ये बांधलेले महाल बघायचं काकांचं फार जुनं स्वप्न होतं. महाल निमित्त, बघायचं होतं ते पाणी. ग्रनाडाचा अल्हाम्ब्रा डोंगरावर आहे. सुलतानांच्या लोकांनी मैलोगणती दुरून नदीचं पाणी कालव्याने त्या उंचीवर आणलं. पंप नाही, यंत्र नाही, नुसता उतार. नव्वद सालच्या ऑक्टोबरात दोघं गेले. सेविया, कोर्दोबा आणि शेवटी ग्रनाडा. लोक नक्षी बघायचे, काका गटारं. खिशात उतार बघायची स्पिरिट लेव्हल. प्रत्येक पन्हाळीवर ती ठेवून वहीत उतार टिपायचे. आठव्या दिवशी काकूंचे पाय सुजले. अल्हाम्ब्राच्या वरच्या बागेत, हेनेरालीफेत, काका एका जिन्यापाशी अडकले ते हलेनातच. काकूंचा संताप झाला. "मी म्हटलं, तुमचं पाणी तुम्हीच बघत बसा. आणि खाली निघून आले. कॉफी घेतली. पोस्टकार्डं बघितली. राग जाईस्तोवर बसले. तासभर."

वर गेल्या तेव्हा जिन्याच्या तोंडाशी माणसं जमली होती. काकांच्या अंगावर कोणी तरी चादर टाकली होती. पोलिसांनी नंतर एका दुभाष्याला बोलावलं. तो इंग्रजीत म्हणाला, "तुमचे मिस्टर एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते असं लोक सांगतात. पानी, पानी. हे कोणाचं नाव आहे का?"

काकूंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"तीस वर्षं मी परक्या माणसांच्या तोंडाला ग्लास लावून राहिले, पोरी. आणि माझा माणूस पाणी मागत होता तर त्याची भाषा कळणारं तिथे एक माणूस नव्हतं. जी होती ती खाली कॉफी पीत होती. त्याच्या मायला उभं ठेवलं तसंच त्यालाही... मिळालं की नाही मिळालं, कोणी सांगितलं नाही. तेच ऐकू येते मला. नळ बंद केला की."

हॉस्पिटलमधल्या एका पोर्तोरिकन मैत्रिणीकडून त्या स्पॅनिश शिकल्या होत्या. दोन वर्षं, जेवणाच्या सुट्टीत. सगळी भाषा एका प्रश्नासाठी. पण सहा वेळा तिथे जाऊन तो प्रश्न त्यांनी कोणालाच विचारला नव्हता. "नाही म्हणाले तर?" इतकंच म्हणाल्या. मग भाजी धुवायला उठल्या आणि पाठ करूनच बोलल्या, "यंदा तू चल. एकटी असले की तोंडच उघडत नाही."

स्पेनच्या व्हिसासाठी बॉस्टनला दोन चकरा मारल्या आणि मी गेले.

काकू त्याच क्रमाने फिरल्या. सेवियाच्या अल्काझार महालात मी मान वर करून सोनेरी घुमट बघत होते आणि काकू खाली वाकून फरशीतल्या मोरीचं तोंड शोधत होत्या. कोर्दोबाच्या मशिदीत लाल-पांढऱ्या कमानींचं जंगल मला संपता संपेना. काकूंनी मला हाताला धरून बाहेर अंगणात नेलं. तिथे संत्र्यांच्या झाडांखाली, या आळ्यातून त्या आळ्यात जाणारे अरुंद पाट दगडात काढले होते. "बघ," त्या म्हणाल्या, "हे म्हणतात, हौदातलं आणि झाडातलं पाणी एकच." कोण म्हणतात, ते मी विचारलं नाही. तोवर मलाही आमच्यासोबत तिसरं माणूस चालत असल्यासारखं वाटायला लागलं होतं. चालताना काकू मला नेहमी उजवीकडे ठेवत. डावी बाजू रिकामी असे.

अल्हाम्ब्राच्या खिडकीवर त्यांनी तीन तिकिटं मागितली. खिडकीतल्या बाईने आम्हा दोघींकडे बघितलं, आमच्या मागे बघितलं आणि काही तरी विचारलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "त्रेस." तीन.

सिंहांच्या अंगणात त्या थांबल्या नाहीत. मी थांबले. भिंतींवर लेस विणल्यासारखी नक्षी, तिच्यातून गेलेली अरबी अक्षरं, मध्ये बारा दगडी सिंहांच्या पाठीवर कारंजं. सगळीकडे पाणी होतं. फरशीतल्या अरुंद पाटांतून ते खोल्यांच्या आतपर्यंत गेलं होतं. जिथे जावं तिथे त्याची कुजबुज कानाशी. इतक्या पाण्यात एक माणूस पाणी मागत मेला, हे डोक्यात आल्यावर मला ती नक्षी बघवेना. मी काकूंच्या मागे धावले.

हेनेरालीफेतला तो जिना मी जन्मात विसरणार नाही. गर्द झाडांच्या बोगद्यातून वर जाणारा विटांचा जिना, आणि दोन्ही बाजूंचे कठडे म्हणजे वाहते पाट. उताण्या कौलांसारख्या पन्हाळींतून पाणी वेगाने खाली येत होतं. वर चढताना कठड्यावर हात ठेवला की हात पाण्यात. काकू पहिल्या वळणावरच्या गोल चौथऱ्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "इथे."

जरा वर एक म्हातारा माळी झाडू घेऊन पानं काढत होता. निळे कपडे, डोक्याला टोपी. आम्हाला बघून त्याने टोपीला हात लावला. काकू पुटपुटल्या, "हा दरवर्षी असतो."

"मग यालाच विचारा."

त्यांनी माझं मनगट पकडलं. नर्सची पकड. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. पाण्याचा आवाज मात्र वाढत चालल्यासारखा वाटत होता. शेवटी मीच माळ्याला हात केला. तो हळूहळू खाली आला. आणि काकूंनी एका दमात विचारलं. सात वर्षं तोंडात धरलेलं वाक्य होतं ते. मला त्यातला 'आग्वा' एवढाच शब्द कळला. पाणी.

माळ्याने झाडू कठड्याला टेकवला. तो खूप वेळ बोलला. मी दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत होते. मध्येच त्याने टोपी काढली, उलटी धरली, कठड्यातल्या पाण्यात बुडवल्यासारखं केलं. मग आपल्या दोन्ही हातांची ओंजळ करून कोणाच्या तरी तोंडाशी नेली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी त्याने तळहात आडवा केला आणि म्हणाला, "बास." आणि लगेच हसून, "बास्ता." काकू खालच्या पायरीवर बसल्या. माळी त्यांच्यापुढे वाकून आणखी काही सांगत राहिला, आणि त्यात मी स्पष्ट ऐकलं, "नालू." पुन्हा, "नालू, नालू."

काकूंचं नाव नलिनी. घरात त्यांना नलू म्हणणारं फक्त एकच माणूस होतं.

खाली उतरल्यावर, बसच्या थांब्यावर, त्यांनी मला सगळं सांगितलं. त्या दिवशी सगळ्यात आधी पोचला तो हा माळीच. शब्द त्याला कळला नव्हता, पण काकांनी ओंजळ पुढे केली ती कळली. त्याने टोपीत पाणी घेतलं, आणि काकांचे हात थरथरत होते म्हणून आपल्या ओंजळीने पाजलं. दोन ओंजळी. मग ते 'बास' म्हणाले. स्पॅनिशमध्येही पुरे म्हणायला 'बास्ता' म्हणतात, त्यामुळे त्याला वाटलं, या माणसाला आपली भाषा येते. तो त्यांच्याशी बोलत बसला. पोलीस आले तेव्हा त्याला कोणी काही विचारलंच नाही. माळ्याला कोण विचारतं? काकूंना तो दरवर्षी बघत होता. कोण आहे ते पहिल्याच वर्षी ओळखलं होतं त्याने. बाईला एकटं राहायचं असेल, म्हणून दूर राहिला. दहा पावलांवर. सहा वर्षं.

"काकू, म्हणजे मिळालं त्यांना पाणी," मी म्हटलं. मला रडू येत होतं, आनंदाचंच.

"मिळालं." त्या समोरच्या डोंगराकडे बघत होत्या. "पाणी मिळालं, पोरी. मी नाही मिळाले."

बस आली. मी चढले, त्या उभ्याच. हात धरून चढवावं लागलं.

"नंतर अगदी हळू आवाजात नुसतं माझं नाव घेत होते," सीटवर बसल्यावर म्हणाल्या. "जिन्याच्या खाली बघत. त्याने घरी जाऊन बायकोला विचारलं म्हणे, नालू नावाचा कोणी संत आहे का, म्हणून."

परतीच्या विमानात त्या गाढ झोपल्या. श्रूजबरीला आल्यावर पहिल्यांदाच त्यांनी काकांविषयी 'म्हणायचे' असा शब्द वापरला. मला वाटलं, सुटल्या. पुढच्या वसंतात मला नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला नोकरी मिळाली. निघताना त्यांनी दारात मला जवळ घेतलं, डब्यात शेंगदाण्याची चटणी दिली. गाडी सुरू केली तेव्हा त्या पाठमोऱ्या होऊन आत गेल्या होत्या. निरोप लांबवणं त्यांना जमत नसे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी सहज फोन केला. यंदा नागपूरला जाणार का, असं विचारायचं होतं. मीच तिकिटाची चौकशीही करून ठेवली होती.

"नाही गं. उद्या निघून राहिले. स्पेनला."

मी गोंधळले. "पण काकू, आता काय राहिलं? विचारायचं होतं ते तर विचारून झालं ना?"



"विचारायला नाही जात आता," काकू म्हणाल्या. "हाक मारली होती ना त्यांनी. जायला पाहिजे."