हरवलेला आल्ट

चार माणसं दर आठवड्याला एका खोलीत भेटायला लागली की किस्से आपोआप साठतात, मुद्दाम कोणी जमवत नाही. जर्मनीतल्या आमच्या येना गावच्या कॉयरचं, म्हणजे गाणाऱ्या मंडळाचं, तसंच. पुण्याला फोनवर एक सांगायला घेतला की मागोमाग चार निघतात. 

मी इथे लेन्स बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. २०१५च्या आसपास, जर्मन सुधारेल म्हणून कॉयरमध्ये गेले. कॉयर चालवायचे डीटर, शहात्तर वर्षांचे निवृत्त संगीतशिक्षक. त्यांनी विचारलं, "नोटेशन वाचता येतं?" म्हटलं, "नाही, पेटीवर सारेगम येतं." "कॉम्प्युटर?" "तो येतो." "गेनाऊ, अगदी बरोबर! उद्यापासून ये."

डीटरना एकच नाद. इंग्लंडमधली जुनी स्तोत्रं. बायबलमधलीच, पण साध्या माणसांना गाता यावीत म्हणून पद्यात बसवलेली, चार आवाजांत, वाद्यांशिवाय. जुन्या छापील वह्यांच्या फोटोंवरून ते पेन्सिलीने स्वच्छ प्रत करायचे आणि मी ती कॉम्प्युटरवर चढवायची. अशी बारा स्तोत्रं करून त्यांचं पुस्तक काढायचं होतं.

*

पहिल्याच स्तोत्रात मी माती खाल्ली. मुख्य चाल चक्क मधल्या पुरुषी आवाजात, टेनरमध्ये, दडलेली दिसली. मला वाटलं, म्हातारबुवांची गफलत झाली. मी ती गुपचूप उचलून वर बायकांना दिली.

डीटरनी प्रिंट पाहिली आणि चष्मा काढला. "त्या काळी चाल टेनरमध्येच असायची. तू चारशे वर्षांची चूक एका संध्याकाळात सुधारलीस. शाब्बास. आता परत बिघडव."

*

चार आवाजांच्या चार वेगळ्या वह्या असायच्या. आमच्याकडे तीनच वह्यांचे फोटो होते. चौथी, आल्टची, म्हणजे सगळ्यात वरच्या आवाजाच्या खालोखालची, कधीच हरवली होती. तो आवाज डीटर स्वतः रचायचे, आणि रचायचे ते रेनाटेसाठी.

रेनाटे त्यांची बायको, कॉयरमध्ये आल्ट गायची. तिच्या फुप्फुसांचं दुखणं वाढत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले होते, फार तर वर्षभर गाता येईल. बाराही स्तोत्रं तिच्या आवाजात ऐकायची, एवढंच डीटरना हवं होतं. म्हणून आमची सगळी घाई.

रेनाटेला मात्र त्याचं कौतुक बेताचंच. "डीटर, इथे मी श्वास कुठे घ्यायचा?"

"त्या काळी आल्ट पुरुष गायचे, रेनाटे."

"मग आजचं सूपही पुरुषालाच करू दे."

डीटरनी सूप केलं. दुसऱ्या दिवशी त्या ओळीत दोन ठिकाणी श्वासाला जागा आली होती.

*

माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, त्यांना एकदा तालमीला नेलं. तासभर निमूट बसल्या आणि मग म्हणाल्या, "गोड गातात गं. पण एवढे सगळे एकत्र गातायत आणि एकही दुसऱ्याच्या सुरात नाही, त्याचं काय?"

मी भाषांतर केलं. रेनाटे खो खो हसली, हसता हसता खोकला लागला आणि तो थांबेचना. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "नको हसूस बाई, बैस," हे मराठीतच. रेनाटे बसली. त्यानंतर ती उभी राहून कधी गायली नाही.

*

डिसेंबरात तिला हॉस्पिटलमध्ये हलवलं. अकरा स्तोत्रं झाली होती. बारावं मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत टाईप केलं, प्रत्येक आवाजाचं वेगळं पान छापलं आणि ट्राम पकडून धावत गेले. शुक्रवार होता.

तिच्या खिडकीकडच्या खाटेवर पानं पसरली तर तीनच. आल्टचं पान प्रिंटरवर राहिलं होतं. मला रडूच आलं. रेनाटे म्हणाली, "असू दे गं. सोमवारी आण."

सोमवारी सकाळी डीटरचा फोन आला, ती गेली म्हणून. ते पान अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मला ते बघवत नाही.

*

या कामात एक नियम असतो. जुन्या वहीतला सूर मोठ्या टायपात, संपादकाने पदरचा घातलेला बारीक टायपात. डीटर त्या बाबतीत कर्दनकाळ. एक सूर चुकून मोठा राहिला तर अख्खं पान परत.

मार्चमध्ये ते बारावं स्तोत्र घेऊन आले. आल्ट नवाच होता आणि सगळा मोठ्या टायपात घे अशी खूण केलेली. म्हटलं, "डीटर, तुम्ही रचलेला आल्ट बारीक हवा ना?"

"हा मी नाही रचला. माझं पान तू विसरलीस. मग तीन दिवस तिच्या खाटेशी मी हळू आवाजात टेनर गात बसलो, आणि ती आपल्या मनाने आल्ट गुणगुणायची. मी फक्त उतरवून घेतला."

पुस्तकाच्या शेवटी एक यादी असते, कुठला आवाज कुठल्या ग्रंथालयातल्या कुठल्या वहीतून घेतला याची. तीन आवाजांचं मी भरलं आणि आल्टपाशी थांबले. "इथे काय लिहू?"

डीटरनी खुर्ची माझ्या शेजारी ओढली.

"आल्झो, तर मग लिही. आल्ट: तिसरा मजला, खोली चौदा, खिडकीकडची खाट."