डाव्या हाताची गाठ

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी. कुणी भूत दिसलं म्हणालं की माझा ठरलेला प्रश्न — "नीट जेवला होतात ना?" तरीही हे लिहितेय... कारण दादाचा तो लिफाफा मी माझ्या हाताने फोडला होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वसईहून राजोडीला जाताना आमची पानवेलींची वाडी. दादा इंग्लंडला युनिव्हर्सिटीत शिकायला गेलेला. सकाळी कॅन्टीनमध्ये भांडी घासायची, मग काचेच्या उबदार घरात पानवेलींवर प्रयोग. वेली मेल्या तर स्कॉलरशिप बंद, म्हणजे शिक्षणच संपलं. वाडी सोडून गेला म्हणून बाबांनी त्याचं नावच टाकलं होतं. त्याची पत्रंही ऐकायचे नाहीत.

जानेवारीतली दुपार. बाबा केळीच्या वाळक्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या सालीने, वेली बांधत होते. मी चहा घेऊन गेले, तर सोपट हातात धरून नुसते उभे. हाक मारली, ओ नाही. घाबरून हात धरला... बर्फासारखा गार. बोटं निळी पडलेली.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "काचेच्या घरात कुणी वेली लावतं का गं? केवढी थंडी तिथं."

काचेच्या घराचं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी दादाचं पत्र आलं. त्याच दिवशी, तिकडे सकाळ असताना, हीटर बंद पडला होता. बाकीच्यांची रोपं काळी पडली. याच्या वेली मात्र गोणपाटात गुंडाळून बांधलेल्या, हिरव्यागार. दाराला कुलूप, किल्ली याच्याच खिशात. 'कशाने बांधल्यात, ते सोबत पाठवतोय', असं लिहिलं होतं.

लिफाफ्यातून केळीच्या सोपटाचा तुकडा पडला. गाठीसकट. बाबा डावखुरे, त्यांची गाठ उलटी बसायची. आमच्या आळीत तशी गाठ दुसऱ्या कुणाचीच नव्हती.

बाबांनी गाठ चाचपून पाहिली. "जगल्या ना वेली?"

"जगल्या."

"मग लिही त्याला. बाकीच्या गाठी सैल कर म्हणावं. घाईत घट्ट बसल्यात, वेलींना वाढायचंय."

दोन वर्षांत दादाला धाडलेला हा त्यांचा पहिला निरोप. मला रडूच कोसळलं.

तो तुकडा अजून माझ्या कपाटात आहे. कितीदा हातात घेऊन बसले, पण उलगडा म्हणून होत नाही. दादाचं पुढचं पत्र मात्र बाबांनी स्वतः फोडलं.