कडेवरून आलेली हाक

पडदा वर जातो तेव्हा महाडच्या एका कॉलेजचं मैदान दिसतं. डिसेंबरातली सकाळ. दोन्ही टोकांना बांबूचे गोलपोस्ट, त्यांना लावलेली मासेमारीची जुनी जाळी, आणि रेषेच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभे असलेले चिंतामणी सर. वय एकोणसाठ, पण पाठ ताठ. सत्तावीस वर्षं त्यांनी इथे कबड्डी शिकवली. मी समोरच राहतो. नाटकातून बाहेर पडल्यापासून हाच माझा रंगमंच, आणि पुढच्या रांगेतली जागाही माझीच.

यंदा कॉलेजनं फुटबॉलचा संघ उतरवायचं ठरवलं. अकरा पोरं मिळेनात, म्हणून सरांनी कबड्डीचीच सात उचलली. वरंधच्या वाडीवरचा हृतिक कबड्डीत डाव्या कोपऱ्यावर खेळायचा. त्याला गोलात उभं केलं. "ज्याच्या हातून माणूस सुटत नाही, त्याच्या हातून चेंडू काय सुटणार?" सर म्हणाले.

चेंडू सुटला. पाच सामने, पाच पराभव, त्यातला एक आठ-शून्य. पोलादपूरच्या सामन्यात तर प्रेक्षकांतून कोणीतरी म्हणालं, "अरे दम सोडू नका, कबड्डी कबड्डी म्हणत पळा." आपलीच पोरं सगळ्यात जास्त हसली.

आज सहावा सामना. शेवटची पाच मिनिटं, एक-एक बरोबरी. बरोबरीसुद्धा या पोरांना यंदा पहिल्यांदाच दिसत होती. समोरच्या संघातला एकजण चेंडू घेऊन थेट गोलवर आला. हृतिक झेपावला, आणि कडेवरून हाक आली, "घोटा! घोटा धर!"

कबड्डीत चढाईला आलेल्याचा घोटा धरायचा असतो. तीन वर्षं ती हाक हृतिकच्या अंगात मुरलेली. त्यानं चेंडू जाऊ दिला आणि पाय धरला. पोरगा आडवा झाला, घोट्याचं हाड मोडलं. लाल कार्ड, पेनल्टी, सहावा पराभव.

त्या गलक्यात हाक कोणाची हे तिघांनाच कळलं. ओरडणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि मला. नाटकात आवाज ओळखण्यातच माझी हयात गेली आहे. मीही गप्प बसलो.

प्राचार्या अनुपमा मॅडमनी विचारलं तेव्हा हृतिक म्हणाला, "माझं चुकलं." वर्षभर कुठल्याच संघात खेळायला बंदी. त्या कागदावर सरांची सही लागत होती. त्यांनी केली. विद्यापीठाची कबड्डीची निवड पंधरा दिवसांवर होती आणि हृतिकचं हे शेवटचं वर्ष. मी सरांना नावं ठेवणार नाही. ऐन वेळी वाचा गेलेली भली माणसं मी खूप पाहिली आहेत.

पाय मोडलेल्या पोराच्या घरी सर दोनदा जाऊन आले. हृतिकच्या घरी जायला त्यांना अकरा दिवस लागले. पुढचं त्यांनीच मला सांगितलं.

हृतिकची आई आवडी अंगणात नाचणी पाखडत होती. सरांना बघून तीच आधी बोलली, "पोरगा चुकला, सर. पन येक डाव खेळू द्या त्याला. त्याचा बाप निवड बघाया मुंबैवरनं रजा टाकून येनार हाय."

"आवडीताई, तो चुकला नाही. धर म्हणून मी ओरडलो."

सूप थांबलं. "मंग पोरगा खोटं का बोल्ला?"

हृतिक दारात येऊन उभा होता. "सर पुढल्या वर्षी रिटायर होतायत, आये. त्यांचं नाव कशाला घेऊ?"

"आनि तुझं काय रे? नाव राखनारा तू, मिरवनारे ते?" मग ती सरांकडे वळली. "पोरं तुमच्या हाकेला धावतात, सर. तुमी त्यांच्यासाठी किती धावलात?"

सर दिलेलं पाणी उभ्यानंच प्यायले आणि मिळाली त्या एसटीनं परतले.

दुसऱ्या सकाळी त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं. हृतिकवरची बंदी उठली आणि सरांना वर्षभरासाठी मैदानावरून दूर करण्यात आलं. "तुमची सही मी खरी मानली होती," एवढंच मॅडम म्हणाल्या. सरांना ते बंदीपेक्षा जास्त लागलं.

जाण्याआधी पोरांशी बोलायची परवानगी त्यांनी मागून घेतली. पोरं गोळा झाली. हृतिक मागे उभा राहिला होता, त्याला त्यांनी पुढे बोलावलं. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता, तरी मला घरापर्यंत ऐकू आला.

"ह्याचं काही चुकलं नव्हतं. मी ओरडलो, आणि बारा दिवस गप्प बसलो. निवडीला माझ्याशिवाय जा. कोणी विचारलं सर का नाही आले, तर हेच सांगा. माझ्यासाठी दुसरं कारण रचू नका."