मठातला रूबार्ब

विल्फ गारबट आपल्याच स्वयंपाकघरात जायला तिकीट काढतो, ही गोष्ट मी पबमध्ये इतक्यांदा सांगितलीय, की मी खुर्ची पुढे ओढली तरी लोक ग्लास उचलून दुसऱ्या टेबलावर जातात. तुम्ही नवीन दिसता. बसा.

केल्डरबीचा मठ म्हणजे आता चार उंच भिंती, एक बिनकाचेची खिडकी आणि खाली कापलेलं गवत. साधूंना कुठल्याशा राजाने हाकललं, आणि गारबटांना कर्नल मारवुडने. विल्फचा बाप कर्नलच्या इस्टेटीवरच्या मेंढ्या राखायचा. मठाच्या एका भिंतीला टेकून त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. कर्नलसाहेबांना दिवाणखान्याच्या खिडकीतून पडका मठ दिसायला हवा होता, पण धूर निघणारा नको होता. घर पाडलं आणि तिथे हिरवळ पेरली. विल्फ तेव्हा चड्डीत होता.

गावात त्यांना बरं घर मिळालं, अगदी नळासकट. पण विल्फची आई, आयडा, हिने त्यानंतर रूबार्बची पाई कधी केली नाही. बाजारात त्या लाल, आंबट दांड्यांची जुडी दिसली की मान फिरवून पुढे जायची. तिचा रूबार्ब तिथे राहिला होता ना, चुलीमागच्या भिंतीबाहेर! थंडी सरता सरता ती त्याच्यावर फुटकी बादली पालथी घालायची. अंधारात दांडे कोवळे, गुलाबी वाढतात. पोरं ते साखरेत बुडवून कच्चेच खायची. मीही खाल्लेत, आणि ते चोरल्याबद्दल आयडाची लाकडी पळी पाठीवर खाल्लीय.

बादली गेली, घर गेलं, आयडा गेली. रूबार्ब मात्र जाईना. दर वसंतात गवतातून वर यायचा आणि दर वसंतात कापला जायचा. विल्फ कुंपणापाशी थांबून बघायचा. "आला बघ," एवढंच म्हणायचा.

पुढे कर्नलच्या नातीने इस्टेट लोकांना उघडली. तबेल्यात चहा आणि केक, तळ्याकाठी दोन भांडखोर मोर, आणि सगळ्यावर देखरेख करायला मिस पेटिग्रू. गोड मुलगी, पण सदैव पळत असते. तिने ठरवलं, ते पानांचं गचपण उपटायचं आणि तिथे बाकं टाकायची. विल्फला कळलं. मेंढ्यांच्या भावाखेरीज जन्मात खोटं न बोललेला हा माणूस डोक्यावरची टोपी हातात घेऊन तिच्यापुढे उभा राहिला.

"मिस, ते साधूंनी लावलेलं आहे. पोटाचं औषध म्हणून."

मुलीच्या डोळ्यांत पाणीच आलं. आठवड्याच्या आत तिथे दोर बांधला गेला. वर पाटी: 'साधूंची औषधी वनस्पती. हात लावू नये.'

"लेका," मी त्याला म्हटलं, "साधूंनी रूबार्ब डोळ्यांनी तरी पाहिला होता का? ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी आला तो या देशात. बियाणं विकण्यात जन्म गेला माझा."

"मग आता या एका बियाण्याबद्दल गप्प बस."

"आणि पाई कधी खाणार?"

"कसली पाई! हात लावायचा नाही म्हणून पाटी लागलीय ना?"

दोघंही हसलो. तो जरा कमीच हसला.

मागच्या रविवारी आम्ही तिकिटं काढून आत गेलो. दोराभोवती पाहुण्यांचा घोळका उभा होता. मिस पेटिग्रूने विल्फला पाहिलं आणि हाक मारली, "मिस्टर गारबट, या ना! साधूंबद्दल तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, आता याची फजिती! कोपरानं ढोसणार होतो, तेवढ्यात तो बोलायला लागला.

"इथे एक साधू होता. तापट. दार उघडं टाकलं की ओरडायचा. याच्यावर बादली पालथी घालायचा. कुणी दांडा चोरला की पळी घेऊन धावायचा." त्याने माझ्याकडे पाहिलं. "गाताना सूर लागायचा नाही, पण काम करताना गाणं चालूच. आणि इथून निघायच्या दिवशीसुद्धा त्याने याला पाणी घातलं."

लोक हसले. मग लाल कोटातल्या एका बाईने विचारलं, "नाव काय होतं हो त्यांचं?"

विल्फ दोराची गाठ चाचपत राहिला. खरं नाव सांगितलं तर सोमवारी फावडं येणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याची टिंगल करायची आयती संधी मला मिळाली होती. गावात चार वर्षं पुरेल एवढी गंमत! मी जीभ दातांखाली धरली.

"नाव कुणी लिहून ठेवलं नाही," तो शेवटी म्हणाला.

परतताना चढावावर तो दोनदा थांबला. मला वाटलं, गुडघे. कुंपण ओलांडायची पायरी आली तशी तिच्यावर टेकला आणि खाली मठाकडे बघत राहिला.

"किती वर्षांनी कुणीतरी तिचं नाव विचारलं रे," तो म्हणाला. "आणि मला घेता आलं नाही."

मला सांत्वन करता येत नाही. टिंगल येते, आणि आवाज मोठा आहे. मी पायरीवर चढलो, तोंडाभोवती हात धरले आणि खाली ओरडलो, "आयडा गारबट!"

मेंढ्यांनी माना वर केल्या. भिंतीवरून नाव परत आलं.

"म्हाताऱ्या, खाली उतर," विल्फ म्हणाला. मग टोपी नीट करत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "अजून एकदा."