तू त गाडीत आहेच

मी मनगट पुढं केलं, ही चूक माझीच.

शेलूबाजारच्या चौकात, चहाच्या टपरीसमोर आम्ही पाचजण उभे होतो. अभयच्या हातात कुरिअरचं पाकीट. पाकिटात रंगीत कापडी पट्टे, मधोमध एक काळी चकती. पुण्याच्या त्या मोठ्या स्टेडियममध्ये हजारो माणसं रात्रभर नाचणार होती, आणि हा पट्टा मनगटावर असेल त्यालाच आत सोडणार होते. अभयनं गौरवला पट्टा बांधला. दुसऱ्या दोघांना बांधला. स्वतःला बांधला. मग मी बाही वर सरकवली आणि हात पुढं केला. पट्ट्याला अडचण नको म्हणून घड्याळ घरीच ठेवून आलो होतो.

अभयनं माझ्या हाताकडं पाहिलं. खिशातून त्याच्या गाडीची चावी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"डिझेल टाकून घे. सकाळी निघू."

गौरव म्हणाला, "याले वाटलं, याचाबी पट्टा आहे."

टपरीवाल्यासकट सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. ही माझी कला आहे. माझ्यावर कोणी विनोद केला की पहिला मी हसतो, म्हणजे बाकीच्यांना ते हसताहेत असं वाटत नाही, आम्ही सगळे हसतोय असं वाटतं. वर्षानुवर्षं हसून गाल दुखायला लागले, तरी कला सोडली नाही.

त्यात अंगावर कोरा पांढरा शर्ट. असल्या कार्यक्रमांत जांभळे दिवे लागतात आणि त्या उजेडात पांढरं कापड चकाकतं, हे मी मोबाइलवर बघून ठेवलं होतं. वाशिमला जाऊन खास शर्ट आणला. हजारो माणसांत आपण चकाकू, असं डोक्यात. गौरवनं तो वरून खालपर्यंत न्याहाळला.

"ड्रेसबी ड्रायव्हरचाच घालून आला, पाह्य."

हसलोच.

आता खरी गंमत सांगतो. पुण्याला जायचं हे माझ्याच डोक्यातून निघालं होतं. मी शेलूबाजार ते आसेगाव जीप चालवतो. जीपमध्ये तिथं वाजणारं ते संगीत मीच लावायचो. लोक वैतागायचे. एक म्हातारा म्हणाला, "गाडीचं इंजिन बिघडलं वाट्टे." पण मला ते आवडायचं, कारण त्यात शब्द नव्हते. आम्ही बंजारा, घरी गोरमाटी बोलतो. शाळेत ती बोललो की पोरं नाक दाबायची. मराठी बोललो की तांड्यावरची मराठी म्हणायची. या संगीतात कोणाचीच भाषा नव्हती. नुसता ठोका. आवाज चढत चढत जातो, एकदम थांबतो, आणि मग वरून कोसळतो. तो कोसळताना सगळे एकदम उड्या मारतात. कोण कुठला, विचारायला कोणाला वेळच नसतो. मला तिथं उभं राहायचं होतं. बस, एवढंच होतं.

अभय माझ्या वर्गातला. मोठ्या वावरवाल्याच्या घरचा. शाळेत तो अभ्या होता. मिशी आली आणि अभयभाऊ झाला. मिशी मलाही आली, पण मी होतो तोच राहिलो. एकदा माझ्या जीपमध्ये त्यानं ते संगीत ऐकलं, म्हणाला, "भारी आहे बे, याचा पिरोग्राम पाहाले जाऊ." मोबाइलवर ग्रुप झाला. मग मी दिवसभर त्या ग्रुपवर. नव्या महामार्गानं कुठून चढायचं, कुठं उतरायचं, चहा कुठं बरा, स्टेडियमपाशी गाडी कुठं लावायची. एवढा अभ्यास दहावीला केला असता तर आज जीप चालवत नसतो.

मध्ये एकदा मला शंका आली. ग्रुपवर विचारलं, "माझं नक्की आहे ना?"

अभयनं लिहिलं, "तू त गाडीत आहेच."

मी ते वाचून खूश झालो. याडीला, म्हणजे माझ्या आईला, वाचून दाखवलं. गाडीत आहे म्हणजे सोबत आहे, असा मी अर्थ लावला. त्याचा अर्थ होता, हा बाहेर, गाडीत राहील. एक शब्द, आणि तोही मराठीतला, मला समजला नाही.

टपरीवर मी हसून झाल्यावर एवढंच विचारलं, "मंग तुमी आत जासान, तवा मी कुठी राहू?"

अभय काही बोलायच्या आत गौरव बोलला.

"गाडीत झोप ना बे. तुमाले त सवय आहे. ऊसतोडीले जाता तवा गाडीतच झोपता ना सारे?"

या वेळी मी हसलो नाही. मला वाटलं हसलो, पण तोंड हललं नाही.

खरं होतं ते. दिवाळी झाली की तांड्यावर ट्रक यायचा. भांडी, सरपण, कोंबड्या आणि वर आम्ही पोरं. याडी मला कांबळ्यात गुंडाळून पिठाच्या डब्यावर बसवायची. कारखान्याच्या रांगेत ऊस भरलेल्या बैलगाडीवर मी झोपलोय. शाळेचं निम्मं वरीस तिकडंच जायचं. गौरवला हे कसं ठाऊक? मीच सांगितलं होतं, हसवायला. झोपेत उसावरून घसरून बैलाच्या शेपटीवर पडलो, हा किस्सा मी त्यांना रंगवून रंगवून ऐकवला होता. तोच किस्सा त्यानं घडी घालून माझ्या हातात परत दिला.

तरी मी काय केलं? डिझेल टाकलं. गाडी तांड्यावर आणली. धुतली. काचा पुसल्या. मनाला समजावत होतो, दारापर्यंत तर जाऊ, आवाज काय भिंतीला अडतो.

याडी दारात बसून तूर पाखडत होती. गोरमाटीत म्हणाली, तुम्हाला मराठी करून सांगतो, "पोरं कुठी आहेत?"

"सकाळी येतीन."

"गाडी त्याइची, मंग धुवून तू काहून राह्यला?"

मी ओल्या हातानं मोबाइल काढला आणि होळीचा व्हिडिओ लावला, जरा बरं वाटावं म्हणून. गेल्या होळीला हे चौघे आमच्या तांड्यावर आले होते. आमच्याकडं होळीला लेंगीची गाणी म्हणतात, डफावर गोल धरून नाचतात. कोणी त्यांना विचारलं नाही, तुम्ही कोण, कुठले. म्हाताऱ्यांनी हात धरून रिंगणात ओढलं. व्हिडिओत अभय नाचतोय. गौरव नाचतोय, पाय चुकतोय, बाया हसताहेत. याडी नाचताना मधूनच मोबाइलकडं बघून हात हलवतेय. सगळा तांडा आहे.

मी नाही.

मी कुठं होतो? मी मोबाइल धरून होतो. अभय म्हणाला होता, आमचा व्हिडिओ काढ. खांद्यावर त्यांच्या बॅगा होत्या. पायाशी त्यांचे बूट होते, कुत्र्यानं नेऊ नये म्हणून.

माझ्या तांड्यात, माझ्या होळीला, मी पार्किंगमध्ये उभा होतो.

दमलो एकदम. राग नंतर आला. आधी नुसता दमलो, दिवसभर ऊस वाहिल्यासारखा.

सकाळी गाडी घेऊन अभयच्या घरी गेलो. चौघे अंगणात तयार. काळे चष्मे, मनगटावर पट्टे. गौरव पुढची सीट कोणाची यावरून भांडत होता. मी चावी बोनेटवर ठेवली.

"मी गाडीत नाही."

अभयनं चष्मा वर केला. "म्हंजे?"

"तू लिवलं व्हतं ना, तू त गाडीत आहेच. मी नाही."

"अबे, ऐन टायमाले? नाराज कायले होतं? तुले आत जाऊन काय कराचं आहे? पार्किंगमंधीबी सारं आइकू येते."

"मंग तू आइक पार्किंगमंधी. पट्टा काढ, मी आत जातो."

 अभयनं दुसऱ्या हातानं पट्टा झाकला. मी तो हिसकावून नेणार होतो जणू.

"पुन्हा माह्या गाडीत बसाचं नाही, लक्षात ठेवजो."

"मी त तेच सांगून राह्यलो," म्हणालो, आणि निघालो.

निघालो खरा, पण येताना त्याच्या गाडीनं आलो होतो. माझी जीप पुण्याच्या नादात दुसऱ्याकडं देऊन बसलेला. पाच मैल पायी. रस्त्यानं ओळखीचा एकजण मोटारसायकल हळू करून म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, गाडी कुठी?" पांढरा शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. चकाकलो एकदाचा, पण उन्हात.

चालता चालता ठरवलं. गाडी चालवणं माझं काम आहे, ते करीन. भाडं आधी बोलून. दोस्तीच्या नावानं स्टेअरिंगला हात लावणार नाही. ज्या दारातून मला आत सोडत नाहीत, त्या दारापर्यंत कोणाला पोचवणार नाही. आणि माझ्यावरच्या विनोदाला मी पहिला हसणार नाही. दुसराही नाही. हसायचं त्यांनी एकट्यानं हसावं, मग त्यांचं त्यांना ऐकू येईल. येत्या होळीला रिंगणात मी असणार. व्हिडिओ काढायला कोणी नसला तरी चालेल.

घरी पोचलो. याडी अजून तूरच पाखडत होती. तिला सगळं सांगितलं, थोडं रंगवून. व्हिडिओही दाखवला. म्हटलं, पाहा, मी कुठंच नाही, त्यांनी मला बाहेर ठेवलं. आणि तू किती छान हात हलवून राह्यली मोबाइलकडं.

तिनं सूप खाली ठेवलं.

"मोबाइलकडं कायले हलवू? तुले बलावून राह्यली व्हती मी. आत ये म्हणून. तू त्याइचे बूट सोडाले तयार नोता. या होळीले मी हात हलवणार नाही. आपल्या पायानं येजो, बह्याडा."